पट्टा काढलेला नव्हता

७ जानेवारी २०२५, मंगळवार

माझ्याविरुद्ध तक्रार झाली आहे, म्हणून लिहायला बसले. सगळी नोकरी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेली, तेव्हा कधी कोणाला लेखी उत्तर द्यावं लागलं नाही. निवृत्तीनंतर मानधनावर काम घेतलं, तर पहिल्याच महिन्यात ही वेळ. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. विशाखा म्हणाल्या, "पाथ्रीकर बाई, मुलांशी रोज काय बोलणं झालं ते घरी लिहून ठेवत जा. उद्या कोणी विचारलं तर आपल्याकडं काहीतरी पाहिजे." पूर्वी संध्याकाळी घरी आले की यांना सगळं सांगून मोकळी व्हायची. हे श्रावणात गेले. आता ऐकायला कोणी नाही.

प्रकरण असं. बारा ते चौदा वर्षांची मुलं दिवसभरात किती हालचाल करतात हे आम्ही मोजतो. सध्या बजाजनगरची एक शाळा घेतली आहे. प्रत्येक मुलाच्या कमरेला इलॅस्टिकचा पट्टा, पट्ट्याला काड्यापेटीएवढी तांबडी डबी. सकाळी उठल्यावर बांधायची, आंघोळीला आणि रात्री झोपताना काढायची, असं आठवडाभर. डबीवर आकडा नाही, काटा नाही. आत काय नोंदलं गेलं ते तनुजा नावाची मुलगी संगणकावर काढते. मी पट्टे वाटते, बांधायला शिकवते, गोळा करते आणि फसवाफसवी पकडते. खरं म्हणजे शेवटच्या कामासाठीच मला घेतलं आहे.

सातवीतल्या शिवमची डबी बघून तनुजा म्हणाली, "बाई, हा मुलगा आहे का घोडा?" शिवमला उभं केलं. लगेच कबूल झाला. डबी गल्लीतल्या कुत्र्याच्या गळ्यात होती. "त्याला पण व्यायाम पाहिजे ना, बाई." वर्ग हसला. मी कान धरला. दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात. "आमच्या लेकराला आम्ही हात लावत नाय, तुम्ही कोन लावनार?"

माफी मागितली. पण कान धरला ते योग्यच होतं, हे इथं लिहून ठेवते.

संध्याकाळी पुण्याहून शंतनूचा फोन. "आई, कशाला ही दगदग? छावणीतून बजाजनगरला स्कूटरवर रोज! बस ना आता घरी." बसून काय होतं? बसलेला माणूस संपतो. यांना शेवटच्या महिन्यातही मी धरून अंगणात फेऱ्या मारायला लावत होते. शेजारच्या भामाबाई कुंपणापलीकडून म्हणायच्या, "नका हो, दमतात ते." दमायचे. पण चालायचे.


९ जानेवारी, गुरुवार

आठवी ब ला पट्टे वाटले. मुली ओढणीखाली लपवतात, मुलं शर्टावरून मिरवतात.

या वर्गात स्वराली गाडेकर निघाली. हिला मी ओळखते. गेल्या मे महिन्यात खो-खोच्या शिबिरात माझ्याकडे होती. खांबाला वळसा घालताना इतकी खाली झुकायची की वाटावं, जाता जाता माती उचलून घेईल. मागची मुलगी हात टाकायची आणि तिथं स्वराली नसायची. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी दिसते.

"सराव कसा चाललाय?"

"सोडला, बाई."

"कधी?"

"दिवाळीनंतर."

"का?"

"असंच."

असंच काही नसतं. मी म्हटलं, "मोबाइल आला असेल हातात." तिनं मान खाली घातली. म्हणजे मोबाइलच.

शाळेचे क्रीडाशिक्षक काकासाहेब म्हणाले, "मॅडम, लई समजावलं. बारा वाजता शाळा सुटली की पोरगी घराकडं अशी पळती, की तिथंच तिची खो-खोतली पळती मोजून घ्यावी." नऊ फेब्रुवारीला जिल्हा संघाची निवड चाचणी आहे. तिच्याशिवाय जातील बहुतेक.

पट्टा बांधताना तिनं विचारलं, "बाई, झोपलेल्या माणसाला ही डबी लावली, तर त्याचा श्वास चालू आहे का ते कळतं का?"

"एवढं बारीक नाही कळत. आणि दुसऱ्या कोणाला लावायची नाही. आत्ताच सांगून ठेवते."

शिवमचं कुत्रं शाळाभर झालं आहे. आता सगळ्यांची डोकी त्याच दिशेनं चालणार.


१३ जानेवारी, सोमवार

पट्टे नीट बांधले आहेत का ते बघायला वर्गावर गेले. स्वराली बाकावर डोकं टेकून झोपलेली. उठवली तर पाठ धरून उठली, म्हातारीसारखी. "चौदाव्या वर्षी पाठ? पोक काढून बसल्यावर दुसरं काय होणार! ताठ बस." डबी उजव्या बाजूला हवी, तर हिची पुढं पोटावर आलेली.

"इथं कशी आली?"

"मागं सरकती बाई. मागं आली की टोचती."

"कोणाला टोचते? तुझ्या कमरेला तर पुढून पण टोचेल."

मी डबी पुन्हा बाजूला सरकवली. या मुलीला उत्तर द्यायचा कंटाळा आहे.


१७ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीच्या सुट्टीनं एक दिवस गेला. आठवी ब चे पट्टे गोळा करून काल तनुजाकडे दिले होते. आज तिनं दाखवलं: स्वरालीची सकाळ ठीक आहे, शाळेत येणं-जाणं दिसतं, आणि दुपारी घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत काहीच नाही. सपाट रेघ. रोज.

तनुजानं नियम समजावून सांगितला. डबीनं तासभर सलग काहीच नोंदलं नाही, तर ती अंगावर नव्हती असं धरायचं. "कारण जागा माणूस तासभर अजिबात न हलता राहूच शकत नाही, बाई. टीव्ही बघणारा पण पाय हलवतो, खाजवतो, पाणी प्यायला उठतो. पट्टा खुंटीला असेल तरच अशी रेघ येते." असे दिवस आम्ही मोजत नाही. मुलाला आणखी एक आठवडा देतो, नाहीतर नाव कमी करतो.

नियम मला पटला. मी स्वतः कधी तासभर न हलता बसलेले नाही.

मुलीला बोलावलं. "दुपारी पट्टा काढून ठेवतेस."

"नाही काढत, बाई."

"मग डबी खोटं बोलते?"

"मी बसलेली असते."

"एवढा वेळ?"

"हो."

माझ्या हातावर तिळगूळ ठेवून तिनं खाली वाकून नमस्कार केला. संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. मला वाटलं, लाच आहे. आणखी एक आठवडा दिला आणि बजावलं, ही शेवटची संधी.


२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी तनुजानं शाळेतच डबी संगणकाला लावून बघितली आणि परत बांधायला दिली. पुन्हा तशीच रेघ.

वर्गासमोर विचारलं, कारण सगळ्यांना कळायला हवं होतं की फसवणूक चालत नाही. "स्वराली, खरं सांग. खुंटीला टांगतेस का उशीखाली ठेवतेस?"

"अंगावर असतो, बाई. मी बसलेली असते."

"अख्खी दुपार? माणूस आहेस का दगड?"

मागच्या बाकावरून कोणीतरी "दगडाबाई!" म्हणालं आणि वर्गात हशा पिकला. मी दटावलं, पण तोवर नाव पडलं होतं. स्वरालीनं स्वतः पट्टा सोडला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

नाव कमी करायचं तर घरी जाऊन पालकांना सांगावं लागतं. उद्या जाईन. आईला चार शब्द सुनवायचेही आहेत. अशा पायांची मुलगी घरात मोबाइलपुढं बसू देतात म्हणजे काय!


२५ जानेवारी, शनिवार

नीट लिहायला हवं.

दुपारी गेले. बजाजनगरात मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली. दार लोटलेलंच होतं, ढकललं. समोर पलंगावर दोघी पाठीला पाठ लावून बसलेल्या. दाराकडे तोंड करून स्वराली, भिंतीकडे तोंड करून एक बाई, मान पुढं पडलेली, केस मोकळे. स्वरालीनं मला पाहिलं आणि उठली नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प केलं.

मी चपला काढून उंबऱ्याशी उभी राहिले. तिच्या मांडीवर इतिहासाचं पुस्तक उघडं होतं. एकच पान. उलटत नव्हती. बाईच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती, घशात पाणी अडल्यासारखी. प्रत्येक श्वासाला मुलीचे खांदे थोडे पुढं जात आणि परत येत. बाकी ती हलत नव्हती. अजिबात नाही.

बाई खोकली तेव्हा जागी झाली. "कोन हाय गं?"

"शाळेतल्या बाई."

"आगं मग उठ की! च्या टाक."

"तू पडशील."

"नाय पडत. उशी दे अन् उठ."

नाव मंजुषा. वय पस्तिशीच्या आत असावं, पण पाय सुजून खांबासारखे झालेले. हृदयाची झडप खराब आहे. "घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. उशीर केला म्हनले. केला, व्हय." आता ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. गोळ्या चालू आहेत. आडवी झाली की पाण्यात बुडाल्यासारखं होतं. भिंतीला टेकली की अंग घसरतं. उशा सगळ्या करून पाहिल्या. "ह्या पोरीची पाठ लागली की डोळा लागतो, बाई. दुपारी हिची, रात्री हिच्या बापाची. सकाळी ही शाळेत, ते कंपनीत. तवा नुसती उशीला धरून जागी बसते अन् घड्याळ बघते."

वडील बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात आहेत. मूळचे फुलंब्रीचे. त्यांची बहीण लक्ष्मीबाई तिथं शेत सांभाळते, ती अधूनमधून येते.

मी स्वरालीला म्हटलं, "शाळेत सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. बसलेली असते म्हणून."

"आणि डबी पुढं का फिरवलीस?"

"आईच्या पाठीला टोचायची."

मंजुषा हसायला लागली आणि हसता हसता तिला धाप लागली. "मीच म्हनले हिला, हे काय नवीन काढलं तुमच्या शाळंनं, हाडामधी रुततंय. म्हनली, आई, हे मी किती पळते ते मोजायला हाय. म्हनलं, मग सोड की, कशाला बांधते!"

चहा घेतला. नाव कमी करायचं बोलले नाही. आईला सुनवायचे चार शब्द होते, ते जिन्यावर आठवले.


२७ जानेवारी, सोमवार

डॉ. विशाखांना सगळं सांगितलं. म्हटलं, तिच्या दुपारी मोजा. पट्टा अंगावर होता, मी डोळ्यांनी बघून आले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, एका मुलीसाठी नियम सोडला तर ज्यांनी खुंटीला टांगले त्यांचेही धरावे लागतील. डबीला दोघांतला फरक कळत नाही."

"मग हिच्या नावापुढं काय लिहायचं?"

"पट्टा घातला नाही."

"पण घातला होता."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. आणि मला पाणी दिलं. माझा आवाज चढला असावा.

आठवी ब मध्ये गेले. सगळ्यांसमोर सांगितलं की स्वराली खरं बोलत होती, चूक माझी होती. "पण बाई, दगडासारखी कशी काय बसते ती?" एकानं विचारलं. घरचं सांगायचा अधिकार मला नाही. म्हटलं, तुला जमणार नाही, करून बघ. वर्गानं लगेच करून बघायला घेतलं. हसू फुटेपर्यंत टिकले. स्वराली खिडकीबाहेर बघत होती.


२९ जानेवारी, बुधवार

चाचणीला अकरा दिवस आहेत. मी गाडेकरांकडे जाऊन सांगितलं: दुपारी मी बसते, मुलीला मैदानावर पाठवा.

बद्रीनाथ घरी होते. दाराला धरून उभे राहिले. "तुमी कशाला, बाई? तुमी मोठी मान्सं."

"पाठ आहे मला. तेवढीच लागते ना?"

मंजुषा म्हणाली, "जाऊ द्या हिला. माझ्यापायी हिचे पाय गंजले."

"मला नाही जायचं," स्वराली म्हणाली.

"का?"

"असंच."

या वेळी 'असंच'चा अर्थ मला कळत होता, तरीही मी म्हटलं, "तुझी आई जायला सांगते आहे. मी सांगते आहे. बूट घाल." आज्ञा दिली की मुलं पाळतात. ती बूट घालून गेली. जिना उतरताना दोनदा थांबल्याचं ऐकू आलं.


१ फेब्रुवारी, शनिवार

बसणं सोपं नाही. पहिल्या दिवशी माझा पाय बधिर झाला, मग नाक खाजलं, मग आठवलं की गॅस बंद केला का. मंजुषा म्हणाली, "बाई, तुमच्या पाठीत मुंग्या हायेत का?"

"तुझी मुलगी काय करते?"

"ती नाय हलत. तिला सांगावं लागत नाय."

आज जमलं थोडं. आधी बोलतो आम्ही, तोंडं दोन बाजूंना. ती भिंतीशी बोलते, मी दाराशी. ती फुलंब्रीच्या बाजारात शेपूची जुडी कशी हिसकावून घ्यायची ते सांगते. लग्नात नवऱ्याला नाव घ्यायला लावलं तर त्यांनी चुकून थोरल्या भावजयीचं घेतलं, ते तिनं तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा आम्हा दोघींच्या पाठी हसल्यानं आपटल्या. मग बोलणं तुटतं. भार वाढतो. तिचा श्वास माझ्या पाठीत येतो. थोड्या वेळानं कळेनासं होतं, कोणता तिचा आणि कोणता माझा.

यांच्याजवळ मी अशी बसल्याचं आठवत नाही. कामं असायची.

काकासाहेबांचा निरोप: "मॅडम, पोरगी परत जिवंत झाली."


७ फेब्रुवारी, शुक्रवार

मंजुषाच्या पायांची सूज वर चढली आहे. बद्रीनाथ तिला घाटीत दाखवून आले, गोळी वाढवून दिली. दाखल करून घेतो म्हणाले, तर मंजुषाच नको म्हणाली. "तिथं पाठ कोन देईल?"

स्वराली मैदानावरून आली की बूट न काढता आधी आईजवळ येते, तळहात आईच्या पाठीवर ठेवते आणि मग माझ्याकडे बघते, मी काहीतरी सांडून ठेवलं असेल अशा नजरेनं. मी उठते, ती बसते. आमच्यात याहून जास्त बोलणं होत नाही.

वही आता पिशवीत घेऊन जाते. पाठ न हलवता लिहिता येतं, एवढं शिकले.


९ फेब्रुवारी, रविवार, मंजुषाच्या घरी

चाचणीचा दिवस. सकाळी आले तर स्वराली बूट न घालता बसलेली.

"बाई, आज नको."

"आज नको म्हणजे? एवढे दिवस कशासाठी केलं?"

"रात्री आईचा श्वास वेगळा होता."

"वेगळा म्हणजे कसा?"

"सांगता येत नाही. पाठीला वेगळा लागला."

बद्रीनाथ म्हणाले, मला तर रोजच्यासारखाच वाटला. मंजुषा म्हणाली, "आगं जा म्हनते ना! उगं भ्या घालू नको मला." ऐन वेळी मुलं घाबरतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. निमित्त शोधतात. अशा वेळी ढकलावं लागतं. मीच बुटांच्या नाड्या बांधल्या. गारखेड्याच्या मैदानावर बद्रीनाथ तिला मोटरसायकलवर घेऊन गेले. तेवढीच त्यांनाही मोकळी हवा.

मंजुषानं आज शेपूची गोष्ट सांगितली नाही. बराच वेळ अस्वस्थ होती. मघाशी म्हणाली, "बाई, खिडकी उघडा."

"उघडीच आहे."

"मग ऱ्हाऊ द्या."

थोड्या वेळानं विचारलं, "पोचले असतील का?" म्हटलं, केव्हाच. मैदानात उतरली पण असेल. "कशी पळती वो ती? मी कधी बघितलंच नाय." मी सांगितलं. खांबापाशी कशी झुकते, अंग कसं चोरते, मागचीचा हात कसा हवेत राहतो. सविस्तर सांगितलं. ती हूं हूं करत होती. मग हूं थांबलं.

आता झोपली आहे. आज गाढ लागली. घशातली घरघर पण थांबली आहे, या दोन आठवड्यांत पहिल्यांदा. अंग सैल सोडून दिलं आहे, सगळा भार माझ्यावर आहे. आम्ही बोललो त्यानं शांत वाटलं असेल. मी हलत नाही. डावा पाय बधिर झाला आहे, राहू दे.

फोन थरथरला. काकासाहेबांचा निरोप आहे: स्वराली निवडली गेली. पहिल्या तिघींत नाव.

उठून ओरडावंसं वाटलं. उठले नाही. तिला जागं करायचं नाही. मुलगी येऊन स्वतः सांगेल, तोवर अशीच झोपू दे. आज मी दगडासारखी बसले आहे. स्वराली बघेल तेव्हा तिलाही पटेल.


१२ फेब्रुवारी, बुधवार

वरचं पान फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही. होतं ते तसं होतं.

स्वराली जिन्यावरून धावत आली. पायांचा आवाज मोठा होता, म्हणून ती दारात येताच मी ओठांवर बोट ठेवलं. तिच्या गुडघ्यांना माती होती, तोंड हसरं होतं. ती आमच्याकडे बघत थांबली. दारातूनच. मग हसू गेलं. माझं बोट अजून ओठांवरच होतं.

"बाई, उठा," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी हातानं खुणावलं, हळू.

मंजुषा कधी गेली ते मला सांगता येत नाही. बद्रीनाथांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, संध्याकाळी फुलंब्रीहून आलेल्या लक्ष्मीबाईंनी विचारलं. पाठ तिची माझ्या पाठीला होती आणि मला सांगता येत नाही.


१७ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत गेले. पुढच्या वर्गाला पट्टे वाटायचे होते. हात चालतात.

तनुजानं पहिल्या गटाची यादी छापली आहे. स्वरालीच्या दोन्ही आठवड्यांपुढे 'पट्टा घातला नाही' असं आहे. मी पेन घेऊन खाली लिहिलं: पट्टा काढलेला नव्हता, मुलगी बसलेली होती. सही केली. तनुजा म्हणाली, "बाई, संगणकात हे घ्यायला जागाच नाही." म्हटलं, कागदावर आहे, तेवढं ठेव.

संध्याकाळी गाडेकरांकडे. सुतक आहे, कोणी चहा विचारत नाही, ते बरं. बद्रीनाथ मला बोल लावत नाहीत. "तिला झोपेत आलं. चांगलं आलं," म्हणतात. लक्ष्मीबाई मात्र तोंडावर बोलल्या. "तुमी लिहीत बसल्या होत्या म्हनं." मी हो म्हटलं. "अन् पोरीला पळाया धाडलं." त्यालाही हो म्हटलं. तेवढ्यावर त्याच रडायला लागल्या आणि मी त्यांना पाणी आणून दिलं.

जिल्हा संघ उद्या स्पर्धेला जातो आहे. तेरावा व्हायचा आहे, त्यामुळं स्वरालीचं जाणं शक्य नाही. मी काकासाहेबांना म्हटलं, संघाला चार दिवस थांबवता येतं का. विचारायची काही गरज नव्हती. इतकी वर्षं मीच संघ नेले आहेत. कोणासाठी थांबत नाही.

निघताना स्वराली जिन्यापर्यंत आली. मंजुषा गेल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज साधा होता, रागाचा नव्हता.

"मला कळलं असतं, बाई."

"काय?"

"श्वास कमी व्हायला लागला की मला कळतं. मी तिला हाक मारते. मग ती परत घेते. दोनदा झालं होतं असं."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. सांगितलं होतं तिनं. नाड्या मी बांधल्या होत्या.


२० फेब्रुवारी, गुरुवार

शंतनूचा फोन आला. मी काही सांगितलं नाही. "आई, आवाज का असा?" म्हटलं, सर्दी. तो म्हणाला, फिरायला जात जा. हसू आलं. दिवाणखान्यात यांच्या खुर्चीत बसले. ही खुर्ची मी पुसते रोज, बसले नव्हते. भामाबाई कुंपणापलीकडून दोनदा हाका मारून गेल्या.


२४ फेब्रुवारी, सोमवार

तेरावा शुक्रवारी झाला. स्वराली आत्याकडे फुलंब्रीला राहणार, वार्षिक परीक्षा तिथल्याच शाळेत देणार. बद्रीनाथांची पाळी बदलत राहते, एकट्या मुलीला त्या खोलीत ठेवणं लक्ष्मीबाईंना मान्य नाही. मलाही नसतं. शाळेतली कामं करायला बद्रीनाथांना सुट्टी नव्हती, म्हणून मी केली. एवढं त्यांनी करू दिलं.

दुपारी मध्यवर्ती बसस्थानकावर दोघींना भेटले. गर्दी होती. लक्ष्मीबाईंनी रुमाल टाकून जागा धरली होती आणि खिडकीतून ओरडत होत्या, "स्वरे, चढ आता!" ती चढली नाही, माझ्यासमोर उभी राहिली. मी पिशवीतून एकेक वस्तू काढून दिली.

शाळा सोडल्याचा दाखला दिला. तो तिनं वाचला, नाव बरोबर आहे का बघितलं, घडी घालून ठेवला.

आठवीचं प्रगतिपुस्तक आणि आधारची प्रत दिली.

मंजुषाची घाटीतली कागदपत्रं, त्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला घेतलेली, माझ्या पिशवीत राहिली होती, ती दिली. ती तिनं उराशी धरली.

जिल्हा संघाचं निवडपत्र दिलं. घेतलं नाही. मी हात पुढं धरून ठेवला. ती म्हणाली, "हे तुम्ही ठेवा," आणि गाडीत चढली.

निवडपत्र संध्याकाळी काकासाहेबांकडे जमा केलं. तिच्या जागी राखीव मुलगी खेळून आली आहे. फायलीला लावायला प्रत हवी होती, असं ते म्हणाले. पोच घेतली.